मुठेकाठी पायी

सकाळी सहाला जंगली महाराज रस्त्याकडून संभाजी उद्यानात शिरलं की वाहनांचा आवाज दहा पावलांत मागे राहतो. रोज फिरायला येणारी मंडळी एकमेकांना नावानं ओळखत नसली तरी वेळेनं ओळखतात. कुणी चार दिवस दिसलं नाही की चौकशी होते. बागेच्या मागच्या अंगाला मुठा आहे. तिकडे मान वळवली की आधी मेट्रोचे खांब दिसतात, मग पगडीसारखं छत असलेलं स्थानक, आणि त्यानंतर नदी. डेक्कनच्या बाजूला थोडं पुढे गेलं की पलीकडच्या नारायण पेठेकडे जाणारा पादचारी पूल लागतो. उंच खांबावरून तिरप्या उतरलेल्या तारांनी तो तोलून धरला आहे. या पुलावर फक्त पायी जायचं.

पुण्याला ही गोष्ट नवी वाटते, कारण नदीकाठी चालता यावं म्हणून या शहरात फारसं काही मुद्दाम बांधलं गेलं नाही. चालणाऱ्याच्या वाट्याला नदी आली ती दुसऱ्या कुठल्या तरी कामाच्या सोबतीनं: कधी फौजेसाठी, कधी छावणीच्या पाण्यासाठी, कधी वाहतुकीसाठी. आजच्या पुलाची पार्श्वभूमी बघायची तर त्या कामांपासून सुरुवात करावी लागते.

पेशवाईत नदीशी नातं घाटांचं होतं. ओंकारेश्वर, अमृतेश्वर, पलीकडच्या तीरावर सिद्धेश्वर-वृद्धेश्वर. माणसं नदीवर जात ती स्नानाला, धुण्याला, दहाव्या-तेराव्याला. काठाकाठानं नुसतं हिंडायला जाण्याची कल्पना त्या दिनक्रमात नव्हती. पायऱ्या थेट पाण्यात उतरत, काठाला समांतर वाट कुणाला लागत नव्हती. नदी ओलांडायची तर उन्हाळ्यात पात्रातून चालत जायचं. लकडी पूल आला तो १७६१ साली, पानिपतच्या पराभवानंतर. परतणाऱ्या फौजेसाठी तो घाईनं लाकडाचा उभारला, असं परंपरा सांगते. लाकूड जाऊन दगड आला, नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजी पूल झालं, तरी लोकांच्या तोंडी तो लकडी पूलच आहे. वर्षाचे दोन दिवस तो पूर्णपणे पायी चालणाऱ्यांचा होतो: ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात येतात तेव्हा आणि अनंत चतुर्दशीला. टाळांच्या आवाजात वारकऱ्यांबरोबर हा पूल ज्यानं ओलांडला आहे, त्याला तो किती रुंद आहे हे त्याच दिवशी कळतं.

नदीकाठी फिरायची बाग पुण्यात खऱ्या अर्थानं आली ती खाली, मुळा-मुठा एकत्र झाल्यावर, येरवड्याच्या अलीकडे. तीसुद्धा बागेसाठी म्हणून नाही. लष्कर भागाला पाणी हवं होतं, म्हणून १८५०च्या सुमारास तिथं नदीवर बंधारा घातला गेला. सर जमशेटजी जिजीभाई यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली. बंधारा म्हणजे इंग्रजीत बंड, आणि त्याच्या काठची बाग म्हणून बंडगार्डन. आज तिचं नाव महात्मा गांधी उद्यान आहे, पण रिक्षावाल्याला बंडगार्डनच सांगावं लागतं. बंधाऱ्यानं नुसतं पिण्याचं पाणी दिलं नाही. पाणी अडलं की मागे फुगवटा धरतो, पात्र संथ आणि खोल होतं. त्या फुगवट्यावर नावा चालू लागल्या. १८६८ साली स्थापन झालेला कॅनॉट बोट क्लब त्याच पाण्यावर उभा राहिला, आणि वर संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांनी नौकानयनाची परंपरा चालवली. संध्याकाळी साहेब लोक घोडागाडीतून बागेत येत, बँड वाजे. एका बंधाऱ्यानं शहराला पाणी, नाव, बाग आणि संध्याकाळ, चारही दिलं. पुण्याच्या नदीवर झालेल्या बांधकामांत मला हे सगळ्यांत उदार वाटतं.

बंधाऱ्याजवळचा फिट्झगेराल्ड पूल १८६९चा. दगडी कमानींचा, टोकांना सिंहांचे पुतळे असलेला. शंभर वर्षांहून अधिक काळ त्यानं येरवड्याची वाहतूक वाहिली. शेजारी नवा पूल झाल्यावर जुन्यावरून गाड्या बंद झाल्या आणि महापालिकेनं तिथं कलादालनासारखी मोकळी जागा केली. ज्या दिवशी तो वाहतुकीच्या उपयोगाचा राहिला नाही, त्या दिवशी तो चालणाऱ्यांच्या हाती आला.

शहरातल्या मुठेचं मात्र वेगळंच झालं. १८७०च्या दशकात खडकवासल्याचं धरण बांधलं गेलं आणि नदीचं पाणी कालव्यात वळलं. पात्र वर्षातले आठ महिने जवळजवळ कोरडं पडू लागलं. त्यात वाहत राहिलं ते बरंचसं सांडपाणी. मग १२ जुलै १९६१ चा दिवस आला. वर आंबी नदीवरचं, तेव्हा नुकतंच भरू लागलेलं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं, आणि पेठांमधले वाडे पाण्यात गेले. त्या पुरानंतर पुण्यानं नदीकडे पाठ फिरवली, असं मला वाटतं. घरं दूर गेली, सहकारनगर-लोकमान्यनगरसारख्या वसाहती वाढल्या, आणि नदीकडचा भाग मागचा अंगण झाला. जे मागे असतं त्याचा वापर अडगळीसारखा होतो. कोरड्या पात्रात रस्ता झाला, वाहनतळ झाले, सर्कशीचे तंबू आणि प्रदर्शनं लागली, खाण्याच्या गाड्या आल्या.

पुढचे दोन पूलही वाहतुकीपायीच झाले. लकडी पुलावर दुचाकींना बंदी होती, म्हणून दुचाकींसाठी झेड पूल. त्याच्या कठड्याशी संध्याकाळी जोडपी आणि विद्यार्थी येऊन बसू लागले, आणि गाड्यांसाठी बांधलेल्या पुलाला बसायच्या जागेची ओळख मिळाली. दुसरा भिडे पूल, पात्राला जवळजवळ टेकलेला. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की तो पाण्याखाली जातो, आणि ती पुण्यात पावसाळा लागल्याची एक खूण आहे.

मेट्रोचा वनाज-रामवाडी मार्ग मुठेच्या काठानं न्यायचं ठरलं तेव्हा वाद झाला. पात्रालगतच्या सुमारे पावणेदोन किलोमीटरच्या टप्प्यावर हरित लवादात दाद मागितली गेली. मार्ग शेवटी तिथूनच गेला, आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही स्थानकं सुरू झाली. पण स्थानकं नदीच्या एका तीरावर आणि प्रवासी दुसऱ्या तीरावरच्या पेठांत. म्हणून पादचारी पूल.

बोलताना कुणी त्याला झुलता पूल म्हणून जातं. तो झुलता नाही, ताणलेला आहे, आणि फरक समजून घेण्यासारखा आहे. झुलत्या पुलात दोन बुरुजांवरून जाड मुख्य तारा झोळीसारख्या सोडलेल्या असतात आणि त्यांची टोकं दोन्ही काठांवर जमिनीत जखडलेली असतात; चालायची पट्टी त्या तारांना उभ्या दोऱ्यांनी टांगलेली असते. डेक्कनच्या पुलात तारा खांबापासून थेट पट्टीपर्यंत सरळ येतात आणि सगळा भार खांबावर जातो. दोन्हींचा हेतू एकच: पात्रात खांबांची रांग उभी न करता ओलांडता यावं. मुठेसारख्या अंगावर येणाऱ्या नदीत ते महत्त्वाचं आहे, कारण प्रत्येक खांब पुराचं पाणी अडवतो आणि वाहून आलेला कचरा धरून ठेवतो.

हलक्या पुलाचं एक दुखणं मात्र असतं, ते चालणाऱ्यांमुळेच. आपण पाऊल टाकतो तेव्हा नुसता खाली नाही, किंचित बाजूलाही जोर देतो. पूल जरा डुलला की सगळे नकळत त्याच तालात पाय टाकू लागतात आणि डुलणं वाढतं. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि याच कारणानं दोन दिवसांत बंद करावा लागला. हेलकावे शोषणारी यंत्रणा बसवून तो २००२ मध्ये पुन्हा उघडला. तिथं कुणाला इजा झाली नाही. मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तुटला तेव्हा १३० हून अधिक माणसं गेली. आणि आपल्याच जिल्ह्यात, मावळातल्या कुंडमळ्याला, १५ जून २०२५च्या रविवारी इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीनं कोसळून चौघांचा जीव गेला. तो तारांचा नव्हता. पण चालणाऱ्यांच्या पुलावर किती माणसं एका वेळी उभी राहतील, याचा हिशोब गाड्यांच्या पुलापेक्षा अवघड असतो. गाडी पुढे जाते. माणूस पाणी बघायला थांबतो, फोटो काढतो, दुसऱ्याला हाक मारतो.

आता नदीकाठ सुधार प्रकल्पात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरच्या काठावर चालायच्या वाटा आखल्या आहेत. ६ मार्च २०२२ रोजी त्याचं भूमिपूजन झालं आणि संगम ते बंडगार्डन या बाजूनं काम सुरू झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नदीकाठी चालणं हेच एका मोठ्या कामाचं निमित्त झालं आहे, आणि तरी काठावरची झाडं आणि पात्राची रुंदी यांसाठी पुणेकरांनाच रस्त्यावर उतरावं लागलं. वाट हवी आहे, पण झाडाखालची हवी आहे, आणि खालचं पाणी नाक न दाबता बघता येईल अशी हवी आहे. सांडपाण्याची शुद्धीकरण केंद्रं आधी, काँक्रीट मग, हा क्रम सोडून दुसरा क्रम मला पटत नाही.

जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली की भिडे पुलाच्या दोन्ही टोकांना अडथळे लागतात आणि लोक पूर बघायला निघतात. लकडी पुलाच्या कठड्याशी गर्दी होते. एखादे आजोबा नातवाला उचलून घेतात, आणि एकसष्ट साली पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दाखवायला मोकळा हात आपल्या डोक्याच्याही वर नेतात.