सिंचनाच्या पाण्याची आर्थिक उत्पादकता

शेतीला दिलेल्या दर घनमीटर पाण्यामागे किती रुपयांचे उत्पन्न निघाले, हे पाहण्याची कसोटी. जिथे जमीन आहे पण पाणी पुरत नाही, तिथे एकरी उतारा बघून पीक ठरवणे महागात पडते. महाराष्ट्राचा मोठा भाग याच स्थितीत आहे.

एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 10,000 लिटर. उसाला साधारण 2,000 मिमी लागते, हरभऱ्याला 250 ते 300. उसाचा काही वाटा पाऊस उचलतो, तरी हेक्टरी एकूण गरज 2 कोटी लिटरच्या घरात जाते. दररोज माणशी 135 लिटर धरले, तर तेवढ्यात मुंबईतल्या सुमारे 400 माणसांचे वर्ष निघते. मात्र शेतकऱ्याला बोल लावून भागत नाही. उसामागे कारखाना आणि एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान भाव, उभी असते. कांदा-टोमॅटो वाशीच्या बाजारात कोणत्या भावाने जाईल ते गाडी पोचेपर्यंत कळत नाही. पाणी वाचवणाऱ्या पिकाला भावाची शाश्वती नसेल, तर ही कसोटी कागदावरच राहते.

दुसरी अडचण पाणीपट्टीची. कालव्यावर ती पूर्वापार पीक, हंगाम आणि क्षेत्र पाहून आकारली जाते. पाणी कमी घेतले म्हणून पट्टी कमी होत नाही. त्यात आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची फेरी, पुन्हा कधी सुटेल याचा भरवसा नसतो, म्हणून पाळी आली की दारे धरून सऱ्या काठोकाठ भरून घेतल्या जातात. रात्रीची पाळी असली की दार उघडे टाकून सकाळी बघायचे, असेही होते. वापसा (जास्तीचे पाणी निथळून जमिनीत पुरेशी ओल आणि हवा असण्याची स्थिती) उशिरा येतो, मुळांना हवा मिळत नाही, उतारा घटतो आणि कालव्याच्या शेपटाकडच्या शेतात पाणी पोचतच नाही. याउलट हरभऱ्याला एकच पाणी देता येत असेल आणि ते फुले येण्याच्या सुमारास दिले, तर त्या एका पाळीची किंमत पुढच्या कोणत्याही पाळीपेक्षा जास्त असते. ठिबकचा खरा फायदाही असे मोजके पाणी वेळेवर देण्यात आहे. मात्र वाचलेल्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढवले, तर खोऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पांझरा-मोसम खोऱ्यांतल्या फड पद्धतीत गावाचे भिजक्षेत्र फडांत वाटून कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते सगळे मिळून ठरवत. मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. तिच्यात उसाचे क्षेत्र बांधून दिलेले होते. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर नव्हे, माणशी वाटले गेले आणि उसाला मनाई होती. आजच्या कोणत्याही योजनेपेक्षा हा नियम जास्त धीट होता.

2005 साली दोन कायदे आले. एकाने मुंबईत महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले, दुसऱ्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना मोजून पाणी देण्याचा पाया घातला. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पात शेतकऱ्यांच्या संस्थांनी ते करून दाखवले. पाण्याचा कोटा आधी कळतो म्हणून तिथला शेतकरी द्राक्षाचा, भाजीपाल्याचा हिशेब घालू शकतो. बहुतेक कालव्यांवर मोजमापाची यंत्रे बसवणे आणि ती चालू ठेवणे हेच काम अडलेले आहे.

मुंबईकरांचा या विषयाशी संबंध फक्त भाजीपुरता नाही. मावळ-मुळशीतल्या टाटांच्या धरणांचे पाणी मुळात पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात वाहून जाणारे. खोपोली (1915), भिवपुरी (1922) आणि भिरा (1927) येथे ते घाटाखाली सोडून मुंबईसाठी वीज केली जाते. हे पाणी दुष्काळी भागाला परत द्यावे, ही मागणी जुनी आहे. त्याची तुलना करताना वीज आणि पीक यांच्यासोबत तिसरी बाजूही धरावी लागते: भिवपुरीतून बाहेर पडलेले पाणी राजनाला या कालव्यातून कर्जतच्या शेतांत जाते आणि त्यावर उन्हाळी भात पिकतो.