फिरंग: पातं सोलिंगेनचं, मूठ आपली

२०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने घेतली, सगळा खर्च धरून ४७ लाखांच्या आसपास, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. फोटो फिरले, आणि लगेच आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने टाकलं की पातं युरोपियन आहे म्हणे, मग ही मराठा तलवार कशी काय? प्रश्न भोळा वाटतो पण त्याचं उत्तर त्या तलवारीवरच सोन्याने लिहिलेलं आहे. पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा असं नाव आणि पद आहे, आणि शेवटी एकच शब्द, 'फिरंग'. म्हणजे ज्याच्या कमरेला ती होती त्यालाच पातं कुठून आलं ते लपवायचं नव्हतं, उलट मिरवायचं होतं.

फिरंग हा शब्द मुळात फ्रँक, फारसीत त्याचं फरंग झालं आणि तिथून आपल्याकडे आला. माणूस असेल तर फिरंगी आणि तलवार असेल तर फिरंग, तलवारीलाही पुष्कळजण फिरंगीच म्हणतात. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढे इंग्रज, डच सगळेच किनाऱ्यावर आले, त्यांच्या जहाजांतून नुसती पाती यायची, मुठीशिवाय. पूर्ण तलवार आणण्यात अर्थच नव्हता कारण त्यांची मूठ आपल्या हाताला चालायची नाही. मूठ लावायचं काम इथले शिकलगार, म्हणजे हत्यारं घासणारे-साफ करणारे, आणि लोहार करायचे.

पाती यायची कुठून? स्पेनचं टोलेडो, इटलीतली काही गावं, आणि बराच माल जर्मनीतल्या सोलिंगेनचा. सोलिंगेन वुपर नदीच्या खोऱ्यात आहे, तिथल्या ओढ्यांवर पाणचक्क्या चालायच्या आणि त्यावर सहाणी फिरायच्या, म्हणजे घासकाम यंत्रावर आणि घडवणारे, पाणी देणारे, घासणारे असे वेगवेगळे कारागीर. त्यामुळे माल भरपूर आणि एकसारखा निघायचा. आता गंमत अशी की ह्याच काळात आपल्या दख्खनचं पोलाद बाहेर चाललेलं होतं. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत मुशीत पोलाद शिजवायचे, तेच ज्याला वूट्झ म्हणतात, आणि ते घ्यायला इराणचे व्यापारी तिथपर्यंत यायचे, पुढे त्याच्या तलवारींना जगभर दमास्कस म्हणून नाव मिळालं. मग इतकं पोलाद घरात असताना बाहेरची पाती का? कारण वूट्झ कडक, धार जबरदस्त, पाण्यासारखी जौहर, म्हणजे पोलादातली लहरींची नक्षी, दिसते, पण लांब सरळ पातळ पातं जोरात वाकलं तर तडकायची भीती असते. युरोपचं पातं स्प्रिंगसारखं, वाकवा आणि सोडा, परत सरळ. घोड्यावरून भोसकायला, लांबून वार करायला, आणि मुख्य म्हणजे पट्ट्याला, म्हणजे दांडपट्ट्याला, असंच पातं हवं. दांडपट्टा २०२४ साली राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, आणि जुन्या पट्ट्यांमध्ये कितीतरी पाती फिरंगी सापडतात. हे ऐकून काही लोकांना राग येतो, मला तरी त्यात राग येण्यासारखं काही दिसत नाही. लढणारा माणूस जे चांगलं मिळेल ते घेतो.

इथे मुठीचं सांगायलाच पाहिजे, कारण सगळी ओळख तिथेच अडकते. युरोपच्या तलवारीत पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत जाणारा मागचा निमुळता भाग, मुठीतून आरपार जाते आणि वरच्या गोळ्यावर ठोकून बसवतात. आपल्याकडे शेपटी आखूड, मूठ पोकळ लोखंडी, आणि आत लाख, राळ असलं काहीतरी गरम करून ओततात, थंड झालं की पातं पक्कं. गरम केलं की परत निघतं. म्हणजे मूठ आणि पातं हे काय जन्मभराचं लग्न नाही, पातं तुटलं की नवीन, मूठ जुनी झाली की बदल, आजोबाचं पातं नातवाच्या मुठीत. फिरंगीचं लांब पातं मात्र नुसत्या लाखेवर टिकत नाही, झटका बसला की हलतं, म्हणून मुठीजवळ दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून रिव्हेट मारतात, त्या पट्ट्यांच्या कडा बऱ्याचदा पाकळ्यांसारख्या कापलेल्या असतात. तुम्हाला अशी तलवार हातात मिळाली तर आधी तिथे बघा. आणि मुठीच्या टोकाला ताटलीसारखा गोळा आणि त्यावर लांब खुंटीसारखा दांडा असतो, तो शोभेचा नाही, दुसरा हात तिथे धरून दोन्ही हातांनी वार करता येतो.

मग पात्यावरच्या खुणा. सोलिंगेनच्या पात्यावर धावता लांडगा असतो, मूळ खूण जर्मनीतल्याच पासाऊ गावाची, नंतर सोलिंगेनवाल्यांनी उचलली. लांडगा म्हणजे काय तर छिन्नीचे सात-आठ फटकारे, त्यात पितळेची तार ठोकलेली, पहिल्यांदा बघणाऱ्याला कोंबडी वाटेल. कधी १४१४ असा आकडा असतो, ते साल नव्हे, शुभ आकडा म्हणून घालायचे, आणि हे माहीत नसल्यामुळे विकणारे सरळ 'सहाशे वर्षं जुनी' म्हणून सांगतात. कधी आंद्रेआ फेरारा असं नाव, हा सोळाव्या शतकातला इटलीतल्या बेल्लुनोचा कारागीर, पण त्याचं नाव नंतर शंभर-दोनशे वर्षं कोणीही आपल्या मालावर टाकत होतं, आजच्या भाषेत फर्स्ट कॉपी. कधी दोन अर्धचंद्र समोरासमोर, आत दात्यांसारख्या रेघा, ही खूण इटलीतल्या जिनोव्हाची म्हणतात. आणि कहर म्हणजे हे सगळं चालतंय बघून आपल्या लोहारांनीही त्याच खुणा देशी पात्यांवर ठोकल्या. त्यामुळे नुसता लांडगा दिसला म्हणून पातं जर्मन असं होत नाही, नाळ म्हणजे पात्यावरची पन्हळ कशी ओढलीय, टोकाकडे जाडी कशी उतरते, वजन कुठे येतं हे सगळं मिळून ठरतं. सगळ्यात बोलकी खूण मला वाटते ती कोल्हापूरच्या तलवारीवरची. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स भारतात आला तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपतींकडून जी तलवार त्याला भेट गेली, जिला आपण जगदंबा म्हणतो आणि जी आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे, तिच्या पात्यावर आयएचएस अशी अक्षरं ठोकल्याची त्यांच्या कॅटलॉगात नोंद आहे. ती येशूच्या नावाची खूण. इंग्लंडला जाण्याआधी त्या पात्यावर किती वर्षं कुंकू लागलं असेल ते वेगळंच.

आता ह्या तलवारी गेल्या कुठे. १८१८ नंतर फौजा मोडल्या, १८५७ नंतर गावोगाव हत्यारं जमा केली, आणि १८७८ ला व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला, त्यात भारतीयाला परवाना लागायचा आणि युरोपियनाला सूट. (कर्नाटकातल्या कोडगूचे, म्हणजे कुर्गचे, कोडव लोक मात्र अपवाद, त्यांना तेव्हाही सूट आणि आजही आहे.) जमा झालेल्या हत्यारांतलं निम्मं तरी भट्टीत गेलं असेल असं वाटतं, पण तंजावरचं मात्र नक्की माहीत आहे. तिथल्या मराठा राजांचं शस्त्रागार शेवटचे राजे १८५५ ला वारस नसताना वारल्यावर इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि १८६३ मध्ये ते मोडून बहुतेक माल भंगाराच्या भावाने विकला. त्याआधी एका अधिकाऱ्याने निवडून काही नग मद्रासच्या म्युझियमसाठी काढले म्हणून तेवढे वाचले. आज न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये तंजावरच्या कट्यारी आहेत, त्यांतल्या काहींत युरोपियन तलवारीची पाती आखूड करून बसवलेली आहेत, म्हणजे तुटक्या फिरंगीचाही वापर झालेला दिसतो. ह्याच काळात साहेब लोक गोळा करू लागले, एगर्टन नावाच्या इंग्रजाने १८८० मध्ये लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या हत्यारांचं मोठं कॅटलॉग काढलं, आणि आज जगभरचे लिलाववाले जी नावं वापरतात, तलवार, खंडा, पट्टा, फिरंगी, त्यातली बरीच तिथून पक्की झाली. त्यात घोळही झाले. आपल्याकडे लांब सरळ पात्याच्या ज्या तलवारीला धोप म्हणतात तिला कोणी फिरंगी म्हणतो, कोणी खंडा, आणि प्रत्येकजण आपलंच बरोबर म्हणून भांडतो.

इथे जी राहिली ती देवघरात राहिली. खंडेनवमीला पूजा, दसऱ्याला सोनं, बाकी वर्षभर माळ्यावर. हा पूजेचा आधार नसता तर घरोघरची एकही तलवार उरली नसती, पण पूजेनेच नुकसानही झालं. आमच्या आतोबांकडे एक आहे, सातारकडची. दर दसऱ्याला चिंच आणि राखेने घासायची, त्यावर हळदकुंकू, मग तसंच कापडात गुंडाळून ठेवायचं. चिंचेत आम्ल, कुंकू ओलावा धरतं, वर पावसाळा. तरी पातं टिकलं. मग कोणीतरी सांगितलं की चकचकीत करून घ्या, नवी दिसेल, आणि ती बफिंगवाल्याकडे गेली. मी लहानपणी त्या पात्यावर बोट फिरवून 'कुत्रा आहे' म्हणायचो ते आठवत होतं, म्हणून परत आल्यावर भिंग घेऊन बघितलं. लांडग्याचं शेपूट आणि एक मागचा पाय उरलाय. आरशासारखी चमकते खरं.

ह्या एका प्रकारामुळे रिस्टोरेशन म्हटलं की मी आधी हात मागे घ्यायला सांगतो. काळपट तपकिरी थर म्हणजे घाण नव्हे, तोच वय सांगतो, फक्त लाल भुसभुशीत गंज काढायचा, तोही शिलाई मशीनचं तेल लावून दोन दिवस भिजवून, अगदी बारीक स्टील वूलने, हाताने. ग्राइंडर नाही, पॉलिश पेपर नाही, लिंबू नाही. धार तर लावायचीच नाही. मुठीवर सोन्याचं काम असेल तर अजून सांभाळून, कारण कोफ्तगिरीत लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून त्यावर सोन्याची तार ठोकलेली असते, आत खोल बसवलेली नसते, दोनदा जोरात घासलं की गेली. मूठ हलत असेल तर लोक लगेच गॅसवर धरून काढायला जातात, तसं करू नका, आतली जुनी लाख हाही पुरावा आहे. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ हात, म्युझियमवाले हेच वापरतात. आणि म्यानात ठेवू नका, चामडं आणि लाकूड ओल धरतं, म्यान वेगळं आणि पातं वेगळं.

विकत घेणाऱ्यांसाठी एवढंच की जुन्या पात्याला नवी कोफ्तगिरीची मूठ हा माल राजस्थानात आजही तयार होतो, काम सुंदर असतं, फक्त ते जुनं म्हणून विकतात तेव्हा प्रॉब्लेम. भिंगाखाली रेघांत मळ नसेल आणि सोनं सगळीकडे सारखंच ताजं असेल तर समजून जा. शिवाय १०० वर्षांच्या वरची वस्तू १९७२ च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही, आणि १९५९ चा शस्त्र कायदा आहेच, ९ इंचांपेक्षा लांब पात्याला कुठे परवाना लागतो ते आधी आपल्या पोलीस ठाण्यात विचारा.

आतोबांना मी यंदा एवढंच पटवलं की कुंकू म्यानाला लावा, पात्याला नको. ते म्हणाले, देवीला चालेल का? आत्या म्हणाली, बफिंग चाललं तिला, हे चालेल.