वध, खून, हत्या : खलपात्राच्या निवाड्याची पार्श्वभूमी

एकांकिका स्पर्धेच्या गुणपत्रिकेत ‘खलभूमिका’ असा एक रकाना असतो. यंदा सोलापुरातल्या एका स्पर्धेत त्या रकान्यावरून परीक्षकांमध्ये चांगलंच वाजलं. बक्षीस ज्या मुलाला द्यायचं ठरत होतं, त्याचं पात्र शेवटच्या प्रवेशात मरतं, आणि ते मरताना अर्धं सभागृह डोळे पुसत होतं. एका परीक्षकांचं म्हणणं, ज्याच्या मरणाला लोक रडले तो खल कसला? दुसऱ्यांचं म्हणणं, पहिल्या प्रवेशात त्याने काय केलं ते विसरलात का? निकाल अर्धा तास लांबला आणि बक्षीस विभागून दिलं गेलं. ते कुणाला मिळायला हवं होतं यात मी पडत नाही. वाद मात्र बराच जुना आहे.

खलपात्राला शास्त्रकारांनी ‘प्रतिनायक’ म्हटलं आहे. दहाव्या शतकातल्या ‘दशरूपक’ या संस्कृत नाट्यग्रंथात त्याची लक्षणं दिली आहेत : लोभी, उद्धत, हेकट, पापी, व्यसनी. त्याच परंपरेत नायकाचा वध दाखवायला मनाई आहे. तरी ‘ऊरुभंग’ या संस्कृत नाटकात दुर्योधन प्रेक्षकांसमोर, मांड्या मोडलेल्या अवस्थेत प्राण सोडतो, आणि तेवढ्या वेळापुरते आपण त्याचेच होतो. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी खळांचा नाश मागितला नाही, त्यांची ‘व्यंकटी’, म्हणजे वाकडेपणा, सांडावी एवढंच मागितलं. पुढच्या मराठी नाटकाने हे फारसं मनावर घेतलं नाही.

खरी गाठ आहे ती ‘वध’ या शब्दापाशी. मारण्याला मराठीत शब्द पुष्कळ आहेत आणि निकाल त्या शब्दातच लिहिलेला असतो. ‘खून’ म्हटलं की पोलीस आणि कोर्ट आलं. ‘हत्या’ म्हटलं की पाप चिकटलं : ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या. ‘वध’ म्हटला की मारणारा हात धुऊन मोकळा. अफझलखानाचा वध होतो, खून होत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

पण संस्कृतात हा शब्द इतका सोवळा नव्हता. महाभारतात ‘जयद्रथवध’ आणि ‘कीचकवध’ ही पर्वं आहेत, तसंच ‘अभिमन्युवध’ही आहे. अभिमन्यू काही राक्षस नव्हता. वाल्मीकींच्या तोंडून निघालेला पहिला श्लोक तर निषादाला दिलेला शापच आहे, आणि त्यातलं क्रियापद आहे ‘अवधीः’. म्हणजे निरपराध क्रौंचाचं मरणसुद्धा वधच. शब्दाला न्यायाचा वास नंतर लागला. मराठीत तो इतका पक्का बसला, की १९४८च्या गांधीजींच्या खुनाला कुणी ‘वध’ म्हटलं की बोलणारा कुठे उभा आहे हे पुढचं वाक्य ऐकायच्या आत समजतं. माझ्या मते तिथे ‘वध’ म्हणणं म्हणजे आरोपीचं वकीलपत्र घेणं. हा शब्द नुसता वर्णनाचा आहे असं सांगणारे भेटतात. त्यांनी तो आपल्या घरच्या माणसाच्या बाबतीत वापरून पाहावा.

शब्दाची ही ताकद सगळ्यात आधी कुणी ओळखली असेल तर ती मुंबई सरकारने. १९०७ साली खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं. कथा विराटपर्वातली : सैरंध्रीच्या वेषातल्या द्रौपदीवर डोळा ठेवणारा कीचक, आणि त्याला रात्री गाठणारा भीम. मूळ पर्वात ते नर्तनशाळेत घडतं. भीम त्याचे हातपाय आणि डोकं धडात कोंबून मांसाचा गोळा करून टाकतो. मग दिवट्या घेऊन आलेले लोक विचारतात : याची मान कुठे, पाय कुठे, हात कुठे? नाटक पाहणाऱ्यांना मात्र कीचक कुठे आहे ते नेमकं माहीत होतं. तो, म्हणजे लॉर्ड कर्झन, नुकताच व्हाइसरॉयपद सोडून विलायतेला गेला होता. द्रौपदी म्हणजे देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, ही फोड लंडनच्या एका पत्रकाराने इंग्रजीत छापली. १९०९च्या डिसेंबरात नाशिकला कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याही नाट्यगृहातच, ‘शारदा’च्या प्रयोगाच्या वेळी. १९१० मध्ये ‘कीचकवधा’वर बंदी आली. बंदी वाईटच. पण रसिक म्हणून एक मान्य करावं लागतं : शीर्षकातच निकाल दिलेला आहे, हे सरकारी वाचकाला आपल्या पुष्कळ समीक्षकांपेक्षा आधी कळलं.

सोलापूरला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मे १९३०चा मार्शल लॉ आणि त्यानंतरचा खटला इथे कुणाला सांगायला नको. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले चौघे सरकारी कागदात पोलिसांच्या खुनाचे गुन्हेगार होते आणि शहरात हुतात्मे. आज रिक्षावाल्याला ‘चार पुतळ्यांपाशी’ एवढं म्हटलं तरी पुरतं. त्या दिवसांत मारल्या गेलेल्या पोलिसांवर एकही कविता मी ऐकलेली नाही. असावी असा आग्रह नाही, पण नाही हे खरं.

या शहराजवळ आणखी एक माप आहे आणि ते आम्ही वापरत नाही. फलटण गल्लीतल्या जैन ग्रंथमालेने प्राकृत-संस्कृत ग्रंथ छापून ठेवले आहेत. जैन पुराणांत त्रेसष्ट शलाकापुरुष, म्हणजे थोर पुरुष, आहेत : चोवीस तीर्थंकर, बारा चक्रवर्ती, नऊ बलदेव, नऊ वासुदेव आणि त्यांचे शत्रू असलेले नऊ प्रतिवासुदेव. रावण या शेवटच्या नवांतला आठवा. म्हणजे खल थोरांच्याच यादीत. त्याला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो, तेही रावणाच्याच चक्राने. आणि त्या मारण्यापायी लक्ष्मणही नरकात जातो. राम मोक्षाला जातो, कारण त्याने रावणाला मारलेलं नाही. पुढे कधीतरी रावण तीर्थंकर होणार आहे. इथे ‘वध’ शब्द कुणाचेच हात धुऊन देत नाही.

मराठी रंगभूमी हळूहळू वेगळ्या वाटेने याच्या जवळपास आली. १९१९च्या ‘एकच प्याला’त कीचकासारखं बोट दाखवायला कुणी नाही. तळीराम आहे, पण त्याच्या आजारपणावर वैद्य-डॉक्टरांचं भांडण लावून गडकऱ्यांनी लोकांना हसवलं, आणि सुधाकर मरतो तेव्हा रडवलं. दोघंही पिणारेच. १९६७ मध्ये कादंबरीत कर्ण ‘मृत्युंजय’ झाला. कौरवांच्या बाजूने मेलेला माणूस मराठी घराघरात नायक म्हणून वाचला गेला. १९७२च्या ‘घाशीराम कोतवाला’त लोक घाशीरामाला ठेचून मारतात, आणि ज्याने त्याला कोतवाल केलं तो नाना शाबूत राहतो. त्या मरणाला वध म्हणायचं की खून, हे नाटक सांगत नाही. त्यावर मोर्चे निघाले ते मात्र भलत्याच मुद्द्यावर.

स्पर्धेच्या पुढच्या वर्षीच्या नियमावलीत ‘खलभूमिका’ खोडून ‘प्रतिनायक’ लिहिलं आहे. मसुदा फिरल्यावर दोन संघांचे फोन आले : म्हणजे व्हिलनच ना सर?