ग्रामर स्कूल आणि व्हिलेज कॉलेज: नावांवर जाऊ नका

नोकरीनिमित्त इंग्लंडला गेलेली मराठी कुटुंबं घर शोधायला लागली, की त्याआधी शाळा शोधतात. तिथे दोन नावं हमखास गोंधळात टाकतात. ग्रामर स्कूल म्हटलं की वाटतं, इंग्रजी व्याकरण घोटून घेत असतील. व्हिलेज कॉलेज म्हटलं की वाटतं, खेड्यातलं पदवीचं कॉलेज असेल, आपल्या सहावीतल्या मुलीचा तिथे काय संबंध! प्रत्यक्षात दोन्ही अकराव्या वर्षापासूनच्या माध्यमिक शाळाच आहेत. फरक आहे तो त्या कशासाठी निघाल्या यात.

ग्रामर स्कूलमधलं व्याकरण लॅटिनचं. चर्चचं आणि विद्यापीठाचं दार लॅटिनने उघडायचं, म्हणून कुणी धर्मगुरू किंवा धनिक आपल्या मुलखात अशी शाळा काढून तिला जमीन लावून द्यायचा. उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या भागातल्या हॉक्सहेड या लहानशा गावची शाळा यॉर्कचे आर्चबिशप एडविन सँडिस यांनी १५८५ साली काढली. पुढे कवी म्हणून गाजलेला विल्यम वर्ड्‌स्वर्थ इथे १७७९ ते १७८७ शिकला. गावातल्या अ‍ॅन टायसन या बाईंकडे तो राहायचा. शाळेत आजही जुनी लाकडी बाकं आहेत, पोरांनी चाकूने नावं कोरून कोरून खडबडीत केलेली. त्यांत वर्ड्‌स्वर्थचंही नाव आहे. इथून तो थेट केंब्रिजला गेला. गावातली शाळा, पण वाट गावाबाहेरची.

या शाळा लॅटिन-ग्रीकला इतक्या बांधलेल्या होत्या, की देणगीचा पैसा दुसऱ्या विषयांवर खर्चता येणार नाही असा निकाल १८०५ मध्ये लीड्सच्या शाळेच्या खटल्यात लागला. ती गाठ सैल करायला १८४० चा कायदा यावा लागला. हॉक्सहेडची शाळा १९०९ मध्ये बंद पडली, आता तिथे संग्रहालय आहे.

व्हिलेज कॉलेजची गोष्ट केंब्रिजशायरची आणि एका माणसाच्या जिद्दीची. हेन्री मॉरिस १९२२ मध्ये या कौंटीचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे) शिक्षणप्रमुख झाले. कौंटी गरीब, शेतीवरची. गावोगावी लहान शाळा, वेगवेगळ्या वयांची मुलं एकाच खोलीत, आणि चौदाव्या वर्षी शिक्षण संपलं. एखादं हुशार पोर शिष्यवृत्ती मिळवून शहरातल्या ग्रामर स्कूलमध्ये जायचं, ते गावाला कायमचं मुकायचं. हे दुखणं मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

मॉरिस यांनी १९२४ मध्ये एक टिपण लिहून उपाय मांडला: आसपासच्या गावांत मिळून एक देखणी वास्तू बांधायची. दिवसा तिथे मुलांची शाळा भरेल. संध्याकाळी त्याच दारातून मोठी माणसं येतील, वाचनालयात, शेतीच्या वर्गाला, नाटकाला, सभेला. शिक्षण कोणत्या वयात ‘संपतं’ हा प्रश्नच उरू नये, ही त्यांची तळमळ होती. पहिलं कॉलेज १९३० मध्ये सॉस्टनला उघडलं. बॉटिशम आणि लिंटनची १९३७ मध्ये आली.

चौथं १९३९ चं, इम्पिंग्टनचं. त्याच्यापाशी थोडं थांबायलाच हवं. बाउहाउस या जर्मनीतल्या आधुनिक कला-वास्तुकलेच्या शाळेचे संस्थापक, वास्तुकार वॉल्टर ग्रोपिउस नाझी राजवटीतल्या जर्मनीतून इंग्लंडला आले होते. त्यांनी आणि इंग्लिश वास्तुकार मॅक्सवेल फ्राय यांनी ही इमारत रेखली. वर्गाला एका बाजूने जवळजवळ भिंतच नाही, सगळ्या काचा, आणि त्या उघडल्या की वर्ग हिरवळीला जाऊन मिळतो. खेड्यातल्या पोरांनाही उत्तमातलं उत्तम मिळायला हवं, हा आग्रह तिथे विटांत उतरलेला दिसतो. हेच फ्राय पुढे चंदीगडच्या उभारणीसाठी भारतात आले.

दुर्दैव असं, की १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षीची ‘इलेव्हन प्लस’ परीक्षा सगळीकडे रुळली. पास होणारे ग्रामर स्कूलला, उरलेले ‘सेकंडरी मॉडर्न’ या साध्या माध्यमिक शाळेला. व्हिलेज कॉलेजच्या वाट्याला हे ‘उरलेले’च आले. म्हणजे जी गळती थांबवायची, तीच कायद्याने पक्की केली. अकरा वर्षांच्या पोराची एका परीक्षेवर अशी वाटणी करणं मला तरी कधीच पटलेलं नाही. १९६५ नंतर सरकारने सर्वांना सामावणाऱ्या शाळांचा आग्रह धरला, आणि व्हिलेज कॉलेजं खऱ्या अर्थाने सगळ्यांची झाली.

आज इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर स्कूल उरल्या आहेत आणि १९९८ च्या कायद्याने नवी काढायला बंदी आहे. तिथे प्रवेश परीक्षेवर मिळतो. शेजारच्या लिंकनशायरमध्ये त्या आहेत, केंब्रिजशायरमध्ये एकही नाही. व्हिलेज कॉलेजला प्रवेश परीक्षा नसते, घर कोणत्या हद्दीत येतं याला महत्त्व. त्यामुळे भाड्याचा करार करण्याआधी हद्दीचा नकाशा पाहून घ्या.

आणि ‘कॉलेज’ असूनही यातली बरीच सोळाव्या वर्षी संपतात. पुढच्या दोन वर्षांसाठी अनेक मुलं केंब्रिजच्या हिल्स रोड सिक्स्थ फॉर्म कॉलेजला जातात. ते १९७४ पर्यंत मुलांचं ग्रामर स्कूल होतं.