काम-परवाना पद्धत

वेल्डिंग, टाकीत उतरणे, उंचीवरचे काम, खोदकाम, विजेच्या जोडणीला हात घालणे अशी धोक्याची कामे लेखी परवानगीशिवाय सुरू होऊ नयेत, यासाठी कारखान्यांत पाळली जाणारी पद्धत. बोलण्यात सगळे ‘परमिट’ म्हणतात. वडोदऱ्याभोवती कोयलीची रिफायनरी (१९६५), खत कारखान्याचे फर्टिलायझरनगर, नंदेसरीची रासायनिक वसाहत अशा ठिकाणी तिची खरी कसोटी शटडाउनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात तेव्हा, लागते. ठेकेदारांचे फिटर, वेल्डर, जड सामान उचलणारे खलाशी एकदम वाढतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना कोणत्या पाइपात काय वाहते हे ठाऊक नसते.

परवाना देतो उत्पादन विभाग. घेतो देखभाल विभागाचा किंवा ठेकेदाराचा सुपरवायझर. दोघांनी कामाच्या जागी उभे राहून पाहावे आणि मगच सही करावी. कंट्रोल रूममध्ये चहा घेता घेता सही झालेले परमिट म्हणजे नुसता कागद. परवाना एका कामाचा, एका जागेचा आणि एका पाळीचा असतो. पाळी बदलली की नव्या माणसाने पुन्हा पाहायचे.

सर्वांत जिवावरचे काम टाकीत किंवा रासायनिक क्रिया होते त्या रिअ‍ॅक्टरमध्ये उतरण्याचे. व्हॉल्व्ह बंद करणे पुरेसे नाही, कारण व्हॉल्व्ह झिरपतो. फ्लँज, म्हणजे पाइपाचा बोल्टने आवळलेला सांधा, उघडून त्यात लोखंडी ब्लाइंड, म्हणजे वाट बुजवणारी भरीव चकती, मारावा लागतो. स्टररची, म्हणजे आतल्या ढवळणीची, मोटर मेन स्विचपाशी तोडून तिथे कुलूप आणि टॅग. मग टाकी रिकामी करणे, धुणे, वाफ किंवा नायट्रोजनने झाडून काढणे आणि शेवटी ब्लोअरने भरपूर हवा. नायट्रोजनला वास नसतो, त्यामुळे हवेचा टप्पा गाळला तर उतरलेला माणूस एकदोन श्वासांत कोसळतो.

वायुचाचणीत क्रम पाळावा. आधी ऑक्सिजन (१९.५ ते २३.५ टक्के), मग ज्वलनशील वायू, शेवटी विषारी. ज्वलनशील वायू मोजणाऱ्या नेहमीच्या सेन्सरला स्वतःलाच ऑक्सिजन लागतो. तो कमी असला तर आकडा खोटा आणि दिलासा देणारा येतो. नमुना वर, मध्ये आणि तळाशी घ्यावा: हायड्रोजन सल्फाइड जड, तळाशी बसतो, अमोनिया हलका, वर जमतो. गाळ खरवडताना त्यात अडकलेला वायू सुटतो, म्हणून सकाळची चाचणी दुपारच्या जेवणानंतर चालत नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ ने यासाठी सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला, नाहीतर श्वसनसाधन आणि पट्ट्याला बांधलेली दोरी घालून दिली. दोरीचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. कलम ३६-अ ने आतला हातदिवा २४ व्होल्टांपेक्षा जास्त नको असे ठरवले. बाहेरच्याने दुसरे काम करायचे नाही, आणि आतला पडला तरी स्वतः उडी मारायची नाही. एकामागोमाग बळी जातात ते याच उडीमुळे.

वेल्डिंगच्या परमिटात ठिणगी कुठवर जाईल याचा विचार हवा. जवळच्या गटारांची तोंडे ओल्या गोणपाटाने झाकणे, सुमारे ११ मीटरच्या परिघातले जळाऊ सामान हलवणे, काम संपल्यावरही निदान अर्धा तास फायर वॉच, म्हणजे आगीवर नजर ठेवणारा माणूस. वरच्या मजल्यावर वेल्डिंग आणि खाली थिनर लावून रंगकाम अशी दोन परमिटे वेगवेगळ्या सह्यांनी सहज निघतात. म्हणून सगळी चालू परमिटे एकाच फळ्यावर दिसावीत.

पद्धत मोडते ती बहुधा पैशापाशी. ठेका नगावर असेल तर चाचणीची वाट पाहण्यात टोळीची मजुरी बुडते, मग कोणी वाट पाहत नाही. थांबण्याचा वेळ ठेक्यातच धरावा आणि काम थांबवणाऱ्याची हजेरी कापू नये. सूचना गुजरातीत किंवा हिंदीत, टोळीला कळेल त्या भाषेत द्याव्यात आणि त्यांच्याच तोंडून परत वदवून घ्याव्यात. नवरात्रात गरब्याच्या जागरणानंतर सकाळच्या पाळीला उंचीवर कोणाला चढवायचे, हेही सुपरवायझरने तोंडे पाहून ठरवावे.

काम संपल्यावर परमिट बंद करताना माणसे, हत्यारे आणि ब्लाइंड यादीप्रमाणे मोजतात, कुलूप ज्याने लावले त्यानेच काढायचे, आणि शेवटची सही पुन्हा जागेवरच.