जनऔषधी केंद्र

जनऔषधी केंद्र : कंपनीने ठेवलेल्या नावाऐवजी मूळ घटकाच्या (मेडिकलवाल्याच्या भाषेत ‘सॉल्ट’च्या) नावाने स्वस्त औषधे विकणारे, केंद्र सरकारच्या योजनेतील दुकान. रसायने व खते मंत्रालयाच्या औषधनिर्माण विभागाने ही योजना आखली आणि पहिले दुकान नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसरच्या सिव्हिल हॉस्पिटलात उघडले. सुरुवातीची वर्षे ती रखडलीच. २०१४ पर्यंत देशभरात शंभर दुकानेही नव्हती. दहा हजारावे केंद्र नोव्हेंबर २०२३ मध्ये झारखंडमधील देवघरच्या एम्समध्ये (केंद्र सरकारच्या मोठ्या रुग्णालयात) सुरू झाले.

रक्तदाबावरचे ॲम्लोडिपिन किंवा मधुमेहावरचे मेटफॉर्मिन यांची पेटंटे केव्हाच संपली आहेत. तरीही एकाच घटकाची गोळी बाजारात कितीतरी नावांनी आणि दरांनी मिळते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या घटकावर नव्हे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट ठेवले (ही सूट २००५ मध्ये संपली), म्हणून तेच औषध दुसऱ्या पद्धतीने इतर कंपन्यांना बनवता आले आणि इथे औषधे मुबलक झाली. पण विक्री नावावरच चालत राहिली. नावाचा प्रचार, कंपन्यांचे प्रतिनिधी आणि घाऊक-किरकोळ विक्रेत्यांचा वाटा यांचा भार पट्टीच्या छापील किमतीवर पडतो. ब्रँडनावे टप्प्याटप्प्याने काढून टाकावीत, असे औषध उद्योगाचा अभ्यास करणाऱ्या सरकारच्या हाथी समितीने १९७५ मध्येच सुचवले होते. ती सूचना मनावर घेतली असती, तर या वेगळ्या दुकानांची गरज फारशी उरली नसती.

केंद्रातला माल निविदा काढून एकत्र खरेदी केला जातो. दर त्याच औषधाच्या आघाडीच्या तीन ब्रँडांच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून अधिक ठेवत नाहीत. पुष्कळदा तो त्याहूनही बराच कमी असतो. महिनोन्‌महिने बीपी-शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या घराला याचा खरा आधार वाटतो. ‘सुविधा’ सॅनिटरी पॅड २०१९ पासून एक रुपयाला एक मिळतो.

खरी अडचण डॉक्टरांच्या चिठ्ठीपाशी येते, कारण तिच्यावर बहुधा ब्रँडचे नाव असते. १९४५ च्या औषध नियमांतील नियम ६५ प्रमाणे, शेड्यूल एच व एक्समधल्या (चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या याद्यांतल्या) औषधाऐवजी दुसरे औषध, घटक तोच असला तरी, विक्रेत्याला परस्पर देता येत नाही. डॉक्टरांनी घटकाचे नाव सुवाच्य लिहावे, असा बदल भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला. २०२३ मध्ये या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने याबाबत कडक नियम आणले आणि त्याच महिन्यात स्थगित केले. तेव्हा तपासणीच्या वेळीच ‘डॉक्टर, सॉल्टचं नाव लिहून द्याल का?’ असे विचारणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि त्यात संकोचण्यासारखे काही नाही. एखादे औषध केंद्रात मिळते का आणि केवढ्याला, हे ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर पाहता येते.

साध्या मेडिकलमध्ये ‘जेनेरिक’ (नामांकित ब्रँडऐवजीचे, तोच घटक असलेले औषध) म्हणून मिळणाऱ्या पट्टीशी केंद्रातल्या औषधाची गल्लत होते. तिच्यावरही मोठी किंमत छापलेली असू शकते. सवलत किती द्यायची हे दुकानदार ठरवतो. केंद्राच्या पट्टीवरची छापील किंमतच कमी असते.

गुणवत्तेबद्दलची शंका रास्त आहे. पण केंद्रासाठी येणारी प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच पुढे पाठवली जाते. काही औषधांच्या मात्रेत मात्र थोडाही फरक चालत नाही : रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, फिट्सवरचे फेनिटॉइन, थायरॉइडचे लेव्होथायरॉक्सिन. यांची कंपनी डॉक्टरांना सांगूनच बदलावी आणि बदलल्यावर रक्ततपासणी कधी करायची तेही त्यांनाच विचारून घ्यावे.