जुन्या ट्रकची मीटर व पूर्वेतिहास तपासणी (कोल्हापूर परिसर)

वापरलेला मालट्रक विकत घेण्यापूर्वी त्याच्या मीटरवरचे किलोमीटर खरे आहेत का, आणि तो आजवर कोणाकडे, कुठल्या कामाला व कुठल्या हालतीत चालला, हे कागद, यंत्र आणि चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) या तिन्हींवरून ताडून पाहण्याची रीत. व्यवहारात हिला नुसते ‘गाडी दाखवणे’ म्हणतात. घेणारा आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला गाडी दाखवतो आणि एजंटाला कागद. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आणि पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या गॅरेजांतून ही कामे चालतात.

मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो तो किलोमीटरचा नसतो. ‘गाडी कुठल्या कामाला हुती?’ हा असतो. या जिल्ह्यात तो प्रश्नच निम्मी तपासणी आहे, कारण इथल्या ट्रकांची आयुष्ये एकमेकांपासून फार वेगळी असतात.

उसाच्या गाडीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. फड ते कारखाना हे अंतर बहुधा थोडके, त्यामुळे मीटर फार पळत नाही. पण भरलेली गाडी फडातून निघते ती मऊ रानातून, पुष्कळदा पुढे ट्रॅक्टर जोडून आणि पासिंगपेक्षा (नोंदणीत मंजूर वजनापेक्षा) जादा वजन घेऊन. नंतर कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत ती तशीच भरलेली उभी राहते. त्या वेळात मीटर एक आकडाही पुढे सरकत नाही, कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्यांवर मात्र पूर्ण भार असतो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतून फौंड्रीचे कास्टिंग वाहणाऱ्या गाडीचे दुखणे निराळे: माल थोड्या जागेत फार जड, त्यामुळे चासीच्या एकाच भागावर ताण येतो. राधानगरी-शाहूवाडीकडच्या बॉक्साइट खाणींवर राहिलेल्या गाडीच्या सांध्यासांध्यांत तांबडी धूळ घट्ट बसलेली असते. वरून रंग मारला तरी क्रॉस मेंबरच्या (चासीच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या) आतल्या कडेला बोट फिरवले की ती बोटाला लागते. करूळ, फोंडा किंवा आंबा घाटातून कोकणात जाणारी गाडी ब्रेकवर झिजते. चाक खोलले की ड्रमच्या आत उष्णतेने पडलेल्या बारीक चिरा दिसतात. आणि पुणे, मुंबई, बंगळूर अशी ‘लायनीची’ गाडी सर्वांत जास्त किलोमीटर करते, पण सपाट रस्त्याने आणि एका वेगात.

म्हणून साडेचार लाख किलोमीटर झालेली लायनीची गाडी दीड लाख किलोमीटरच्या उसाच्या गाडीपेक्षा निरोगी निघू शकते. नवखा गिऱ्हाईक मात्र मीटरचा लहान आकडा बघून जादा पैसे मोजतो, आणि मीटर मागे घेण्याचा धंदा याच समजुतीवर चालतो. पहिली गाडी घेणारा माणूस बहुधा काल-परवापर्यंत दुसऱ्याच्या गाडीवर चालक असतो. बायकोचे दागिने आणि पतसंस्थेचे कर्ज त्यात घातलेले असते. या तपासणीत कंटाळा करून चालत नाही, तो यासाठी.

मीटर कसे फिरते. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत केबल असते. ती काढून ठेवली की गाडी पळते आणि आकडा जागेवर राहतो. अशा मीटरला कोणी ‘मारलेले’ (मागे फिरवलेले) नसते, तरी त्याचा आकडा निरर्थक असतो. नंतरच्या गाड्यांत सेन्सरकडून येणारे स्पंद मोजून आकडा क्लस्टरमधल्या (चालकासमोरच्या मीटरच्या संचातल्या) चिपमध्ये साठतो. ती चिप संगणकाला जोडून आकडा बदलतात किंवा आख्खा क्लस्टरच दुसरा बसवतात. तिथे घोळ पकडण्याची एक वाट आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत, आणि त्याआधीच्याही पुष्कळ इलेक्ट्रॉनिक इंजिनांत, इंजिनाचा ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आपली नोंद वेगळी ठेवतो. स्कॅनर लावला की त्यातून बहुधा एकूण किलोमीटर आणि इंजिन चाललेले तास निघतात. क्लस्टर आणि ईसीयू यांचे आकडे जुळले नाहीत तर मालकाला कारण विचारावे. क्लस्टर खरोखर जळून बदललेला असेल तर त्याचे बिल असते.

किलोमीटरला तासांनी भागले की गाडीचे काम कळते. समजा मीटर १,८०,००० दाखवते आणि इंजिनाचे तास १२,००० निघाले, तर सरासरी वेग पडला ताशी १५ किलोमीटर. अशी गाडी ‘फक्त पुणे लायनीला होती’ असे कोणी सांगत असेल तर ते पटण्यासारखे नाही. एक तर ती यार्डात आणि खाणीवर राहिलेली आहे, नाहीतर मीटर मागे घेतलेले आहे.

फास्टॅगचा उतारा हा अलीकडचा सर्वांत उपयोगी पुरावा, आणि तो मागायला लोक अजून विसरतात. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. कोल्हापूरहून पुण्याकडे जाणारी गाडी किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर अशी नोंद सोडत जाते. बेळगावकडे गेली की कोगनोळी. मालकाने बँकेकडून किंवा ॲपवरून उतारा काढून दिला की वही-पेन घेऊन बसावे. कोल्हापूर-पुणे अंतर सुमारे २३० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४६०. उताऱ्यात आठवड्याला तीन फेऱ्या दिसत असतील तर १,३८० किलोमीटर झाले. सणवार, दुरुस्ती आणि पावसातले बंद दिवस वजा करून वर्षाचे ४५ आठवडे धरले, तरी ६२,००० च्या पुढे जाते. अशी गाडी चार वर्षे चाललेली आणि मीटरवर १,४०,००० असेल, तर उरलेले लाखभर किलोमीटर कुठे गेले? हा हिशोब मालकासमोरच करावा. आधीच्या मालकाचा फास्टॅग वेगळा असतो आणि टोल चुकवून आतल्या रस्त्याने गेलेल्या फेऱ्या उताऱ्यात येत नाहीत, म्हणून उताऱ्यातून निघणारा आकडा हा कमीत कमी समजायचा.

मीटरचे जुने आकडे आणखीही ठिकाणी लिहिलेले सापडतात: कंपनीच्या वर्कशॉपचे जॉबकार्ड, ऑइल बदलल्यावर दाराच्या कडेला चिकटवलेले स्टिकर, फायनान्ससाठी झालेल्या व्हॅल्युएशनचा अहवाल, विमा खंडित झाल्यावर पुन्हा काढताना घेतलेले फोटो. तारखेप्रमाणे ते एका कागदावर मांडले की आकडा वाढत गेला की मध्येच घसरला, हे लगेच दिसते.

चासी. मिस्त्री पोते अंथरून गाडीखाली जातो, तेव्हा घेणाऱ्यानेही वाकून बघावे. कारखान्यातून आलेल्या चासीला क्रॉस मेंबर बहुधा रिव्हेटने जोडलेले असतात. रिव्हेटच्या जागी बोल्ट दिसले, किंवा चासीला आतून लोखंडी पट्टी मारून वेल्डिंग केलेले दिसले, तर ती कधीतरी चिरली होती किंवा वाकली होती. मागच्या कमानीत एखादा पाटा बाकीच्यांहून नवा किंवा वेगळ्या जाडीचा असेल तर जादा माल वाहण्यासाठी तो चढवला असण्याची शक्यता मोठी. किंगपिनमधला (पुढचे चाक ज्या खिळ्यावर वळते त्यातला) खेळ चाक उचलून हलवल्याशिवाय कळत नाही. इंजिन गरम असताना ऑइल भरायचे झाकण काढून तिथून धूर आणि हवा किती जोराने येते ते पाहतात. ‘बॅक कॉम्प्रेशन मारते’ म्हणतात ते हेच, आणि ते मारत असेल तर इंजिनाच्या आतले रिंग-लायनर झिजले आहेत. क्लचच्या पेडलचे रबर व स्टिअरिंगचे कव्हर मात्र कोणीही नवे घालतो, त्यावर विसंबू नये. टायरच्या बाजूवर शेवटचे चार अंक आठवडा व वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ‘टायर कंपनीचेच आहेत’ म्हणणाऱ्या कमी किलोमीटरच्या गाडीवर वेगवेगळ्या सालांचे सहा टायर असतील तर तो दावा तिथेच संपतो.

पुराचा प्रश्न इथे टाळता येत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले, शिरोलीजवळ वाहतूक बंद पडली. पाण्यात गेलेली गाडी धुऊन-पुसून नवी दिसते, पण दाराच्या पोकळीत व सीटच्या रुळांत बारीक गाळ राहतो आणि वायरिंगच्या कनेक्टरांत हिरवा गंज धरतो. त्या वर्षाच्या विम्याच्या कागदावरही नजर टाकावी. आदल्या पॉलिसीत ३५ टक्के असलेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) पुढच्या वर्षी शून्य झाला असेल तर मधे क्लेम झालेला असू शकतो.

कागद. परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ प्रणालीवर किंवा एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, फिटनेसची व विम्याची मुदत आणि बोजा (गाडीवरचे कर्ज) आहे की नाही, हे पाहता येते. आरसीवरचा चासी नंबर प्रत्यक्ष चासीवर खोदलेल्या नंबरशी अक्षर-अक्षर जुळवावा आणि पेन्सिलने त्याची छाप घ्यावी. नंबराभोवती ताजा रंग किंवा घासल्याची खूण असेल तर व्यवहार तिथेच सोडावा. टाटाच्या गाडीचा सतरा अक्षरी नंबर ‘एमएटी’ने, अशोक लेलँडचा ‘एमबी१’ने सुरू होतो. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचे फिटनेस दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी करावे लागते. नॅशनल परमिट बारा वर्षांपर्यंत (मल्टिॲक्सल, म्हणजे दोनपेक्षा जास्त ॲक्सलच्या, गाडीला पंधरा वर्षांपर्यंत) मिळते, त्यामुळे अकरा वर्षांच्या गाडीची किंमत ठरवताना हे साल डोक्यात ठेवावे लागते. निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्या, कर्नाटकात नोंदलेल्या केए-२३ गाडीला तिथल्या परिवहन कार्यालयाची फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत दाखला) लागते.

आरसीवर न दिसणारा एक बोजा या भागात असतो. ऊस वाहतूकदार कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार करून उचल (आगाऊ रक्कम) घेतो आणि ती ऊसतोड मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाला देतो. टोळी आलीच नाही तर उचल वाहतूकदाराच्या अंगावर पडते, आणि कर्ज भागवण्यासाठी गाडी विकायला निघते. या माणसाची अडचण खरी असते, त्याला लबाड समजू नये. पण उसाच्या कामावरची गाडी घेताना कारखान्याचा येणे-बाकी नसल्याचा दाखला मागणे घेणाऱ्याच्या हिताचे आहे.

कायदा. मीटर मागे घेऊन गाडी विकणे ही फसवणूक आहे. १ जुलै २०२४ पासून हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येतो. मात्र तो सिद्ध करायला जुने आकडे हातात लागतात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र घेणे आवश्यक झाले आणि त्यांच्या ताब्यातल्या गाडीच्या प्रत्येक फेरीची, मीटरसह, इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणेही. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३०, बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. नोंदीत ज्याचे नाव आहे त्यालाच मालक धरून अपघाताची भरपाई द्यावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितले. त्यामुळे गाडी ताब्यात देताना होणाऱ्या डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहितात. त्याच कागदावर मीटरचा आकडा, चासी नंबरची छाप आणि दोघांच्या सह्या घेतात, आणि चालू मीटरचा फोटो दोघांच्या मोबाइलवर राहतो.